तळहाताएवढी जागा

चिनी मातीच्या कपबशीचं आणि दुधाच्या किटलीचं लग्न लावायचं आणि ते जन्मभर टिकवून दाखवायचं, असा धन्यकुमारांचा धंदा होता. सांगलीजवळच्या माधवनगरला, पूर्वी जिथं मागांचा खडखडाट चालायचा तिथल्याच एका लांबट पत्र्याच्या शेडमध्ये ते धातूवर सिरॅमिकचा थर चढवून द्यायचे. पंपाचे दांडे, साखर कारखान्यातले भाग, असलं काय काय यायचं. घासून घासून झिजणारं लोखंड यायचं आणि वर चिनी मातीसारखं कडक कवच घेऊन जायचं.

आता ऐकायला सोपं वाटतं, पण धातूला सिरॅमिक मुळीच आवडत नाही. तापलं की धातू फुगतो, सिरॅमिक जेमतेम फुगतं. थंड झालं की धातू झटकन आकसतो, सिरॅमिक आपलं जागच्या जागी. मग दोघांची ओढाताण सुरू होते आणि थर पापडासारखा उठून येतो. लोखंडाचं एक वेळ जमतं. ॲल्युमिनियम मात्र लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणजे रुसणारं स्थळ. आणि इचलकरंजीच्या एका कारखान्याला नेमके ॲल्युमिनियमचेच रोलर हवे होते. त्यांच्यावरून सूत इतक्या वेगानं पळायचं, की वर्षभरात त्या सुतानं धातूत चर पडायचे. सूत धातू कापतं यावर संयोगिताचा आधी विश्वासच बसला नव्हता. मग तिनं जुन्या रोलरच्या चरात नख घालून बघितलं, अर्धं नख आत गेलं.

या रोलरांसाठीच धन्यकुमारांनी संयोगिताला सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं. साताऱ्याला मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली, मेढ्याच्या वरच्या अंगाच्या गावातली, एकवीस वर्षांची मुलगी. वडील सैन्यात, लांब कुठंतरी बर्फात. आई आणि धाकटा भाऊ शेतीला. घर सोडून राहायची तिची ही पहिलीच वेळ.

सांगली तिच्याशी काही वाईट वागली नाही, उलट वागलीच नाही म्हणा ना. ज्यांच्याकडं खोली घेतली होती त्या राजमतीकाकू सूर्य मावळायच्या आत जेवून घ्यायच्या, चुलीवर ओलं फडकं फिरवायच्या आणि देवळात जायच्या. संयोगिता सात वाजता परत यायची तेव्हा स्वयंपाकघर पुसून लख्ख, घर गप्प. काकू जिन्यात भेटल्या तर "जेवलीस का?" विचारायच्या आणि उत्तराच्या आधी दोन पायऱ्या उतरून गेलेल्या असायच्या. शेडमध्ये धन्यकुमारांचा पुतण्या आर्जव फवाऱ्याची बंदूक चालवायचा. कानाला मफ, डोळ्याला काळी काच. त्याच्याशी बोलायचं म्हणजे खांद्यावर थाप मारावी लागायची, आणि त्याला ते आवडायचं नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात संयोगिता एकदम चार वस्तू घ्यायची नाही. आज साबण, उद्या शांपूची पुडी, परवा काडेपेटी. तेवढंच दुकानदाराशी बोलणं व्हायचं. रविवारी कृष्णेच्या घाटावर जाऊन बसायची आणि दुसऱ्यांच्या गप्पा ऐकायची. एकदा एका बाईनं तिला "जरा पिशवी बघशील का?" म्हटलं, तर ती पिशवी तिनं अशी राखली, जणू आत कुणाचं बाळ आहे.

एकच माणूस होता, हंबीरमामा.

हंबीरराव ब्लास्टिंगला होते. थर चढवायच्या आधी धातूचा गुळगुळीतपणा मोडावा लागतो. काचेच्या कपाटासारखी एक पेटी असते, त्यात हात घालून दाबाच्या हवेनं बारीक खडीचा मारा करायचा, की धातू खरवडून खरखरीत होतो. त्याच खरखरीतपणात वितळलेलं सिरॅमिक जाऊन रुततं. साठीला टेकलेला माणूस, तीस वर्षं हेच काम. बायको वारलेली, मुलगा नोकरीला पंजाबात. पहिल्याच दिवशी संयोगिता डबा घेऊन कुठं बसावं हे न कळून कॉम्प्रेसरशेजारी उभी होती, तेव्हा त्यांनी पोतं झटकून पुढं केलं होतं.

"कुठली गं?"

"मेढ्याची."

"सगळेच मेढ्याचे म्हनतेत. मेढ्यात कुठं?"

"मेढ्यात न्हाई, वर. केळघरच्या अंगाला."

"आन् आजोळ?"

"आंबेघर."

हंबीररावांनी हातातला घास ताटात ठेवला. "आंबेघरचा मी. मग मी तुजा मामाच की गं." आणि लगेच दरडावलं, "आता मामा म्हनल्यावर मामाच्या ताटातलं खावं लागंल. ही अर्दी भाकरी घे. आन् मोडून खा, तोडून न्हाई. डिप्लोमात भाकरी मोडायला शिकवत न्हाईत वाटतं."

"शिकवतात की. पण भाकरी भाजल्याली असंल तर."

"आयला. तोंड हाय भाचीला." आणि ते इतके हसले, की कॉम्प्रेसरच्या आवाजातही आर्जवनं वळून बघितलं.

त्या दिवसापासून एक ते दीड ही अर्ध्या तासाची सांगली संयोगिताची झाली. त्या अर्ध्या तासात ती "मी" सोडून "आमी" म्हणायची, "आहे" सोडून "हाय" म्हणायची. बाकीचा दिवस नीटनेटकं बोलून बोलून जबडा दुखायचा तो तिथं सैल व्हायचा. आईनं फोनवर विचारलं, "करमतंय का?" तर ती म्हणायची, "मामा हायत की."

मामांची एक सवय तिला फार आवडायची. पेटीतून काम बाहेर काढलं, पांढऱ्या फडक्यावर उभं केलं, की ते उजवा तळहात त्यावर ठेवायचे आणि तोच हात कपाळाला लावायचे. प्रत्येक वेळी. दिवसात चाळीस कामं झाली तर चाळीस नमस्कार.

"मामा, ह्ये कशाला?"

"मारलं न्हवं का त्येला? चुकून कुनाला पाय लागला तर आपन हात लावून कपाळाला लावतो का न्हाई? हितं तर मुद्दाम मारतूय. येवडी खडी फेकतूय अंगावर."

"लोखंडाला कळतंय व्हय?"

"त्येला न कळू दे. मला कळतंय न्हवं."

हे तिनं रात्रीच्या जेवणाआधी आईला फोन करून जसंच्या तसं सांगितलं होतं. आई म्हणाली, आंबेघरची मानसं हायतच तशी.

तर ॲल्युमिनियमचे रोलर. सहासहाची खेप यायची. हंबीरराव ब्लास्टिंग करायचे, आर्जव आधी निकेलचं पातळ अस्तर मारायचा, मग सिरॅमिकची पावडर बंदुकीच्या ज्वाळेतून फवारायचा, आणि ती वितळून टिकल्याटिकल्यांनी रोलरवर बसायची. थंड झाल्यावर धन्यकुमार स्वतः यायचे, खिशातून नाणं काढायचे आणि रोलरवर वरपासून खालपर्यंत वाजवत न्यायचे. बाजारात माठ वाजवून घेतात ना, अगदी तसं. टण टण टण, आणि मग एका जागी भद. जिथं भद, तिथं थर सुटलेला. नखानं उचललं की तळहाताएवढा करडा पापुद्रा हातात यायचा.

पहिल्या खेपेत असं झालं तेव्हा संयोगितानं पावडरीला दोष दिला. ओल धरली असेल म्हणून भट्टीत सुकवली. दुसऱ्या खेपेत हवेला दोष दिला. कॉम्प्रेसरमधलं पाणी काढलं, नवी गाळणी बसवली. तिसऱ्या खेपेत आर्जवच्या बंदुकीचं तोंड बदललं, त्यावर आर्जव दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तो आधीही बोलत नव्हता, त्यामुळं हे कळायला तिला दीड दिवस लागला. रोलर तरीही उठतच होते.

"बघ संयोगिता," धन्यकुमार म्हणाले. त्यांचा आवाज कधी चढायचा नाही, म्हणूनच जास्त भीती वाटायची. "शनिवारी इचलकरंजीचे लालासाहेब स्वतः येणारेत. तोपर्यंत जमलं तर ठीक. नाही तर ॲल्युमिनियम सोडून देऊ आपण. लोखंड काही कमी नाही आपल्याला."

लोखंडासाठी डिप्लोमावाली लागत नव्हती. ते ते बोलले नाहीत, बोलायची गरजही नव्हती.

गुरुवारी तिनं वहीत तिन्ही खेपांचे अठरा रोलर ओळीनं मांडले. उठलेल्यांवर फुली, टिकलेल्यांवर बरोबरची खूण. आणि कागदाकडं बघता बघता तिच्या अंगावर काटा आला. टिकले होते ते फक्त तीन. पहिला, सातवा आणि तेरावा. म्हणजे प्रत्येक खेपेतला पहिला. पावडर तीच, हवा तीच, बंदूक तीच. मग पहिल्यालाच असं काय सोनं लागलंय?

ती उठून ब्लास्टिंगच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. चौथी खेप सुरू होत होती. हंबीररावांनी नळावर साबणानं हातपाय धुतले, हात फडक्याला पुसले. केसांना नेहमीसारखं चापून खोबरेल, कपाळावर अष्टगंध. पहिला रोलर मारून झाला, फडक्यावर आला. धुतलेला हात रोलरवर, रोलरवरून कपाळावर. दुसरा रोलर आला. कपाळावरून उतरलेला हात रोलरवर.

कपाळाचं तेल हाताला, हाताचं तेल रोलरला. तिसऱ्याला, चौथ्याला, पाचव्याला, सहाव्याला.

अर्धा क्षण तिला इतका आनंद झाला, की टाळी वाजवावीशी वाटली. तेलकट नखांवर नेलपॉलिश लावून बघा, दुसऱ्या दिवशी भांडी घासताना सालपटासारखं निघून येतं. तेच हे. लोखंडाचं इतकी वर्षं निभावलं कारण लोखंडाला फवाऱ्याआधी चांगलं कडक शेकवतात, त्यात तेलाचा अंश जळून जातो, आणि वरची ओढाताणही कमी. ॲल्युमिनियमला तेवढं शेकवता येत नाही, ते वाकडं होतं. सगळं बसत होतं, गणितासारखं सुटत होतं. आणि उरलेल्या अर्ध्या क्षणात तिला दिसलं, की उत्तराच्या जागी हंबीरमामा उभे आहेत.

खात्री म्हणून तिनं संध्याकाळी ॲल्युमिनियमची एक टाकाऊ पट्टी खडीनं मारून घेतली, अर्ध्या भागावर स्वतःचं कपाळ पुसलेला हात ठेवला, अर्धा तसाच सोडला, आणि आर्जवच्या हातापाया पडून थर मारून घेतला. अर्धा टिकला. अर्धा उठला. आता शंकेलाही जागा नव्हती.

शुक्रवारी एक वाजता पोत्यावर बसल्यावर ती सांगणार होती. अगदी वाक्य तयार करून आली होती. पण मामांनी दह्याची वाटी पुढं सरकवली. "आज तुज्यासाटी घट्ट लावलंय. परवा म्हनलीस न्हवं, आईच्या दह्याची याद येतीय." मग त्या दह्याबरोबर तिनं ते वाक्यही गिळून टाकलं.

त्यापेक्षा तिला एक हुशारी सुचली. आणि हुशारी सुचली की माणसाला वाटतं, आपण दोन्ही डगरींवर नीट उभे आहोत. ती धन्यकुमारांकडं गेली. "सर, सगळ्यांना सुती हातमोजे द्यायचे. पांढरे. ब्लास्टिंगनंतर कुणीच मोजे नसताना हात लावायचा नाही. असा नियमच करू."

"काही सापडलं का?"

"काळजी म्हणून, सर."

तासाभरात मोजे आले. हंबीररावांनी ते चढवले, हात वर करून आर्जवला दाखवले. "लगीनघरचा बँडवाला झालो की रं. आता वाजवू कुनाच्या वरातीत?"

आर्जव पहिल्यांदाच हसला. संयोगिता सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसली.

शनिवारी सकाळी मोजे घालून केलेली पाचवी खेप थंड झाली. तिनं स्वतःच नाणं घेतलं. पहिला रोलर, टण टण टण. दुसरा, टण टण, भद.

ती धावतच ब्लास्टिंगच्या खोलीत गेली. हंबीरराव एक लोखंडी दांडा फडक्यावर ठेवत होते. ठेवला. उजव्या हातातला मोजा बोटाबोटानं सोडवून काढला, काखेत धरला. उघडा तळहात दांड्यावर, मग कपाळाला. मग मोजा परत हातात.

"मामा, मोजं काढताय?"

"तेवड्यापुरतं काढतो की." त्यांना तिच्या प्रश्नाचीच गंमत वाटली. "देवळात चपला घालून जातीस व्हय तू?"

"मामा." तिनं दार ओढून घेतलं. "मला तुमच्याशी जरा बोलायचं हाय."

"बोल की. आईचा फोन आलता का? बरं हाय न्हवं घरी?"

ते इतक्या काळजीनं विचारत होते, की तिला सुरुवात सापडेना. आणि तेवढ्यात आर्जव दार ढकलून म्हणाला, "लालासाहेब आलेत. काका बोलावतायत. सगळ्यांना."

लालासाहेब म्हणजे पन्नाशीचे, खिशाला दोन पेनं लावलेले इंजिनियर. त्यांनी चहा घेतला नाही. सरळ रोलरांपाशी गेले आणि दुसऱ्याच रोलरवर नख लावून पापुद्रा उचलला. तो त्यांनी हातावर घेऊन सगळ्यांना दाखवला, जणू सगळ्यांनी मिळून तो केला होता.

"तीन आठवडे झाले, धन्यकुमार."

"तुमचं बरोबर आहे," धन्यकुमार म्हणाले. "पावडर कुणी सुकवली होती या वेळी?"

"संयोगितानं," आर्जव म्हणाला. त्यात काही खोटं नव्हतं. "गाळणीपण तिनंच बदलली. माझी बंदूकही. आधी असं व्हायचं नाही आपल्याकडं."

धन्यकुमार तिच्याकडं बघून हळू आवाजात म्हणाले, "मग थांबूया इथंच, बाळ. तुझा दोष आहे असं मी म्हणत नाही. पण थांबूया."

बाळ म्हणाले ते. त्या एका शब्दात तिला माघारी जाणारी एसटी दिसली, मेढ्याचा स्टँड दिसला, आणि 'पोरगीला जमलं न्हाई' म्हणणारी अख्खी भावकी दिसली. नंतर तिनं हजार वेळा आठवून बघितलं. म्हणता आलं असतं, सर, दोन मिनिटं केबिनमध्ये बोलू का. म्हणता आलं असतं, सोमवारपर्यंत वेळ द्या. पण त्या वेळी तिच्या तोंडात फक्त उत्तर होतं, आणि ते बरोबर होतं.

"माझ्याकडं कारण आहे, सर," ती म्हणाली. "मामा, जरा हात बघू."

हंबीररावांनी हसत हसत हात पुढं केला. भाचीनं मागितला म्हणून दिला. तिनं तो मनगटाला धरला आणि रोलरच्या उठलेल्या जागेवर टेकवला. चार बोटं, अंगठा, तळवा. जागा त्यांच्या हाताला बेतून शिवल्यासारखी होती.

मग ती बोलायला लागली, आणि फार छान बोलली. वही उघडून पहिला, सातवा, तेरावा दाखवला. तेल सांगितलं, कपाळ सांगितलं, मोजे काढण्याबद्दल सांगितलं. ॲल्युमिनियम किती फुगतं, सिरॅमिक किती, सगळे आकडे तोंडपाठ. तिची भाषा परीक्षेतल्यासारखी स्वच्छ होती, एकही "हाय" नाही, एकही "न्हाई" नाही. "ब्लास्टिंगनंतर पृष्ठभाग दूषित होतोय," ती म्हणाली, "ऑपरेटरच्या हातामुळं." मामा हा शब्द तिनं पुन्हा वापरला नाही. लालासाहेबांनी खिशातलं एक पेन काढून तिच्या वहीतले आकडे उतरवून घेतले.

"शाब्बास," ते म्हणाले. "धन्यकुमार, ही पोरगी सोडू नका."

सगळे वहीवर वाकले होते. संयोगितानं मान वर केली तेव्हा हंबीरराव अजून तसेच उभे होते, हात रोलरवर ठेवून. काढा असं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"मामा," ती म्हणाली.

त्यांनी हात उचलला, उलटासुलटा करून बघितला. "तीस वर्सं," ते म्हणाले, कुणाला उद्देशून नाही, आणि आपल्या खोलीत गेले.

सोमवारच्या खेपेतले सहाच्या सहा रोलर टणटणीत वाजले. धन्यकुमारांनी पेढे आणले आणि संयोगिताच्या हातात कायम केल्याचं पत्र ठेवलं. हंबीररावांना कुणी काही बोललं नाही, उलट धन्यकुमार मुद्दाम जाऊन म्हणाले, "तुमच्याशिवाय ब्लास्टिंग नाही बरं का, हंबीरराव." त्यांनी मान हलवली, पेढा घेतला, मोजे घातलेल्या हातानं. मोजे आता दिवसभर निघत नव्हते. काम पेटीतून यायचं, फडक्यावर ठेवलं जायचं, आणि पुढचं पेटीत जायचं. मधली ती क्षणभराची थांबण्याची जागा बुजून गेली होती, आणि काम पूर्वीपेक्षा लवकर उरकत होतं.

एक वाजता ती पोत्यापाशी गेली तर पोतं झटकून ठेवलेलं होतं आणि मामा जेवून उठले होते.

"आज लवकर?"

"भूक लागलीती."

मंगळवारी ती साडेबारालाच गेली. ते होते. तिनं शेजारी बसून डबा उघडला आणि रविवारभर घाटावर बसून ठरवलेलं एका दमात सांगितलं. "मामा, माजं चुकलं. तुमाला आदी एकट्याला सांगाय पायजे हुतं. आन् मी काय म्हनते, नमस्कार सोडू नका. आदीच करा. काम आल्या आल्या, धुवायच्या आदी. मग पुढं ॲसिटोननं सगळं पुसलंच जातंय. कायबी नुसकान न्हाई."

हंबीररावांनी भाकरीचा घास चावून गिळला, वर पाणी प्याले.

"मारायच्या आदीच माफी मागायची?" ते म्हणाले. "तसं काय आमी कदी केलं न्हाई."

"मग माल झाल्यावर करा. वर सिरॅमिक बसल्यावर तेलाचं त्येला काय न्हाई."

"तवर त्येला आर्जवनं हात लावल्याला असतो. माजं काम न्हाई ते मग." आणि मग सावकाश, अजिबात राग नसलेल्या आवाजात, "तुमचं चुकलं कुठं? बराबरच सांगितलं तुमी. माल टिकला. नोकरी टिकली. चांगलं झालं."

तुमी. आजोळच्या मामानं भाचीला तुमी म्हटलं. शिवी दिली असती तर तिनं उलट चार शब्द ऐकवले असते, रडली असती, हातापाया पडली असती. मान दिल्यावर काय करायचं असतं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"मला तू म्हना की," ती म्हणाली.

"म्हनंन." ते उठले, डबा धुवायला नळाकडं गेले. अर्धी भाकरी फडक्यावर ठेवली होती. तिच्यासाठी ठेवली होती की उरली होती, हे विचारायचं धाडस तिला झालं नाही. ती तिनं मोडून खाल्ली.

महिनाअखेरीला त्यांनी धन्यकुमारांना सांगितलं, की पोरगा म्हणतोय आता घरी बसा, गावाकडचं घर बंद पडून वाळवी लागली. धन्यकुमारांनी दोनदा थांबवून बघितलं. शेवटच्या दिवशी नारळ दिला, शाल दिली, फोटो काढला. फोटोत संयोगिता मामांच्या शेजारी उभी आहे आणि दोघांच्या मध्ये शालीचा पदर आहे. निघताना त्यांनी आर्जवच्या पाठीवर थाप मारली. तिला म्हणाले, "येतो. पेटीतली खडी आठवड्यानं चाळत जावा." तिनं वाकून नमस्कार केला. त्यांनी हात तिच्या डोक्यावर धरला, पण टेकवला का नाही, ते वाकलेल्या माणसाला दिसत नाही.

नवा माणूस मिळेपर्यंत ब्लास्टिंग तिच्याकडंच आलं. पेटीत हात घातले की खडीच्या आवाजात बाकी काही ऐकू येत नाही. कुणी हाक मारली तरी कळणार नाही, आणि कुणी मारतही नव्हतं. रोलर एकामागून एक चांगले निघत होते. इचलकरंजीहून पन्नासाची ऑर्डर आली.

पंधरा दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत आईचा फोन आला. बाजारचा दिवस होता, मागं गाड्यांचा गलका.

"अगं, तुजा मामा भेटला हितं. हंबीरराव. मी वळखलंच न्हाई, त्येनीच वळखलं. म्हनलं, संयोगिताची आई न्हवं का तुमी? चेहरा मिळतूय म्हनं."

संयोगिता पोत्यावर नीट उठून बसली. "काय म्हनलं?"

"लय कवतिक केलं तुजं. पोरगी लय हुशार हाय म्हनलं. आमच्या तीस वर्सांत कुनाला सापडलं न्हाई ते तिनं तीन आठवड्यांत सापडवलं म्हनलं. माजी तर छाती भरून आली बया. चार बायका ऐकत हुत्या."

"आनकी?"

"आनकी काय? गवार घेतली त्येनी. गडबडीत हुतं."

"माजा नंबर दिलास का त्यास्नी?"

"देत हुते की. तर म्हनलं, हाय माज्याकडं."

"व्हय," संयोगिता म्हणाली. "हाय त्यांच्याकडं."

"तू जेवलीस का?"

"बसलेच हाय."

आईचा फोन संपला तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. तिनं डबा उघडला, फोन पोत्यावर शेजारी उताणा ठेवला आणि सावकाश जेवली, दीड वाजेपर्यंत. मग आर्जवनं बंदुकीजवळून हात वर करून खूण केली, आणि ती पुढचे सहा रोलर घ्यायला उठली.